मशीन चालू, तर आपण दोन नऊवारी लांब



रब्बीच्या पेरण्या उरकल्या की गावोगावच्या शिवारात एक आवाज सुरू होतो आणि मिरगाचा पाऊस पडेपर्यंत तो थांबत नाही. जेसीबीचा आवाज. कुठे शेततळं, कुठे बांधबंदिस्ती, कुठे तलावातला गाळ, कुठे घरकुलाचा पाया, कुठे पाणंद रस्ता. पूर्वी वीस माणसं महिनाभर खणायची, ते काम आता दोन दिवसांत होतं. मशीन आलं ते चांगलंच झालं. पण मशीनजवळ कसं वागायचं, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलं नाही. आज त्याबद्दलच बोलू.

तुम्ही म्हणाल, "ताई, मशीन चालवणार ड्रायव्हर, भाडं देणार घरधनी. यात आम्हा बायांचा काय संबंध?" गटाच्या बैठकीत आम्हाला हाच प्रश्न आला. तेव्हा आम्ही विचारलं, कोणाचा मुलगा, नवरा, भाऊ किंवा जावई मशीनवर आहे? सात-आठ हात वर झाले. मिक्सरवर किंवा रस्त्याच्या कामावर मजुरीला कोण जातं? आणखी हात वर झाले. शेतात मशीन लागलं तेव्हा ड्रायव्हरला चहा-भाकरी घेऊन कोण गेलं? जवळपास सगळेच हात वर. आणि मशीन बघायला लेकरं पळाली की त्यांच्यामागे कोण पळतं? तेव्हा सगळ्या हसायलाच लागल्या. संबंध आहे, मैत्रिणींनो. चांगलाच आहे.

मोठे अपघात आपल्या कानावर येतात. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूरजवळ, पुलाचे गर्डर उचलणारं अवजड यंत्र कोसळलं आणि २० जण गेले. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये याच महामार्गाच्या कामावर, बुलढाणा जिल्ह्यात, लोखंडी सळ्या भरलेला टिप्पर उलटला. त्यावर बसलेले १३ मजूर दगावले. या बातम्या टीव्हीवर आल्या. पण बांधावर, विहिरीच्या काठावर, घराच्या पायाजवळ एखाद-दुसरं माणूस जातं, त्याची बातमी तालुक्याच्या पुढे जात नाही. त्या घरातल्या बाईचं मात्र सगळं आयुष्य बदलून जातं.

ड्रायव्हरला आपण दिसत नाही

पहिली गोष्ट ही लक्षात ठेवायची. आपल्याला एवढं मोठं पिवळं मशीन दिसतं, म्हणून वाटतं की त्यालाही आपण दिसतच असणार. तसं नसतं. साधा जेसीबी सात-आठ टन वजनाचा असतो, मोठा पोकलेन वीस टनांच्या आसपास. पुढचं बकेट वर उचललं की ड्रायव्हरच्या समोरचा तुकडा झाकतो. मागच्या हाताने खोदत असेल तर त्याची पाठ पुढच्या बाजूला असते. चाकाला लागून उभं राहिलेलं पाच वर्षांचं लेकरू तर त्याला दिसतच नाही. इंजिनाच्या आवाजात हाकही ऐकू जात नाही.

पोकलेनचं आणखी एक आहे. तो जागेवर उभा राहून भोवऱ्यासारखा फिरतो. पुढे हात फिरला की त्याच वेळी मागचा जड भाग दुसरीकडे फिरतो. आपण पुढच्या हाताकडे बघत राहतो आणि मागच्या भागाखाली सापडतो. मशीन आणि भिंत, मशीन आणि झाड, मशीन आणि ट्रॅक्टर यांच्या मधल्या फटीत कधीच उभं राहू नका. सावली कितीही चांगली असली तरी नाही.

मग लांब म्हणजे किती लांब? फूट आणि मीटर सांगितले की विसरायला होतं. म्हणून आमच्या गटांनी एक माप ठरवलं, नऊवारी लुगड्याचं. नऊ वार म्हणजे २७ फूट. एक नऊवारी पसरली तर जेवढं अंतर होईल, त्याच्याही थोडं पुढे मोठ्या पोकलेनचा हात पोचू शकतो. म्हणून आपण त्याच्या दुप्पट, दोन नऊवारी लांब राहायचं. मशीन जेसीबी असो की पोकलेन, नियम एकच. हवं तर काम सुरू होण्याआधी चुन्याने रेघ मारा किंवा काठ्या रोवून दोरी बांधा. लेकरांना तोंडाने शंभर वेळा सांगण्यापेक्षा एक दोरी जास्त कामाची.

आणि जवळ जायचंच असेल तर? चहा द्यायचा आहे, पैसे द्यायचे आहेत, बांध कुठून घालायचा ते दाखवायचं आहे. सरळ चालत जायचं नाही. ड्रायव्हरच्या समोर, लांबच उभं राहायचं आणि दोन्ही हात डोक्याच्या वर करून हलवायचे. त्याने आपल्याकडे बघितलं, बकेट जमिनीवर टेकवलं, इंजिन बंद केलं, की मगच पुढे पाऊल. आज अनेक ड्रायव्हर बिहार-झारखंडकडचे असतात, त्यांना मराठी येतंच असं नाही. हाताची खूण मात्र सगळ्यांना कळते.

बकेट म्हणजे पाळणा नाही

आपल्याकडे जेसीबीचं कौतुक फार. निवडणूक जिंकली की जेसीबीतून गुलाल, वरात निघाली की जेसीबीतून फुलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात विजयी मिरवणुकीत बायका औक्षण करायला उभ्या होत्या. वरून जेसीबीतून गुलाल पडला, तो आरतीच्या ताटातल्या ज्योतींवर आला आणि भडका उडाला. बायका भाजल्या. ओवाळायला गेलेल्या होत्या, त्यांचा काय दोष?

बकेट माती उचलायला बनवलेलं आहे. त्यात उभं राहून आंबे तोडणं, खांबावरचा बल्ब लावणं, लेकराला बसवून फोटो काढणं, यातलं काहीही करू नका, करू देऊ नका. मशीनचा हात तेलाच्या दाबावर वर राहतो. तेलाचा पाइप फुटला तर तो हात सांगून खाली येत नाही. त्यामुळे उचललेल्या बकेटाखालून जाणंही नाही. मातीने, सळ्यांनी, खडीने भरलेल्या गाडीवर बसून कामावर जाणंही नाही. बुलढाण्याचे ते मजूर तसेच बसले होते.

आणखी एक सवय मोडायला हवी. दुपारच्या भाकरीनंतर टिप्परच्या किंवा रोलरच्या सावलीत आडवं होण्याची. ड्रायव्हर येतो, चावी फिरवतो, मागे घेतो. खाली कोणी निजलंय हे त्याला कसं कळणार? सावली झाडाची घ्या, नाहीतर चार काठ्यांवर ताडपत्री बांधून घ्या. बाळाची झोळी तर मशीनला किंवा गाडीला कधीही बांधू नका.

खड्डा, तार आणि मिक्सर

आता जिथे आपल्या बाया प्रत्यक्ष राबतात, तिथलं बघू.

खोदलेला खड्डा शांत दिसतो, म्हणून माणूस फसतं. मातीचं वजन आपण घमेल्याने मोजतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढा मातीचा ढेकूळ दीड टनाच्या वर भरतो. छातीपर्यंत जरी माती आली तरी श्वास घेता येत नाही. आपली काळी माती उन्हाने भेगाळते आणि पाणी लागलं की सुटते. म्हणून दीड मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच फुटांपेक्षा, खोल चरात आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय किंवा कडा उतरत्या केल्याशिवाय उतरू नका. काढलेली माती काठावरच रचू नका, पाच-सहा फूट लांब टाकायला सांगा. काठाजवळ मशीन किंवा ट्रॅक्टर चालू असेल तर खाली कोणी नको. आणि कडा ढासळून कोणी खाली दबलं, तर मागोमाग उडी मारू नका. दुसरी कडाही ढासळते. एकाच्या जागी दोघं जातात.

विहिरीच्या कामाला क्रेन असते, काही भागात तिला यारी म्हणतात. दगडाने भरलेलं टोपलं वर चाललेलं असताना खाली माणसाने कडेला, कपारीच्या आडोशाला व्हायचं. वायररोप रोज सकाळी बघायचा. त्याचे धागे तुटून बाहेर आलेले दिसले, तो कुठे चेपलेला दिसला, की तो दोर बदलल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. दगड काढायच्या टोपल्यात बसून माणसांनी वर-खाली करायचं नाही.

विजेच्या तारा डोक्यावर असतात आणि ड्रायव्हरची नजर जमिनीवर. टिप्परचा हौदा वर झाला किंवा पोकलेनचा हात उंच गेला की तो तारेपर्यंत पोचतो. मोठ्या दाबाच्या तारेला प्रत्यक्ष शिवायलाही लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी घेते. तारेखाली काम असेल तर आधी महावितरणला कळवा आणि लाइन बंद करून घ्या. आणि मशीन तारेला लागलंच, तर ड्रायव्हरने आतच बसून राहायचं. बाकीच्यांनी पळत त्याला ओढायला जायचं नाही, कारण आजूबाजूच्या जमिनीतही वीज उतरलेली असते. दोन नऊवारी लांब थांबायचं आणि १९१२ वर फोन लावून लाइन बंद करायला सांगायचं. मशीनने पेट घेतला तरच ड्रायव्हरने बाहेर पडायचं. तेही दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारायची, मशीन आणि जमीन दोन्हीला एकाच वेळी हात लागू द्यायचा नाही, आणि तसेच पाय जुळवून टुणटुण उड्या मारत लांब जायचं. ऐकायला हसू येतं, पण त्याने जीव वाचतो.

मिक्सरवर तर आपल्याच बाया जास्त. वाळू, खडी, सिमेंट टाकायचं ते खालचं हॉपर वर चढतं तेव्हा त्याच्याखाली कोणी जायचं नाही, सांडलेली खडी गोळा करायलाही नाही. ड्रम फिरत असताना फावडं किंवा हात आत घालायचा नाही. पट्ट्यावर आणि दात्यांवर झाकण असलंच पाहिजे. पदर कमरेला घट्ट खोचा, वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, वेणीचा अंबाडा बांधा, मंगळसूत्र आत ठेवा. ओढणी असेल तर तिची दोन्ही टोकं मागे बांधा. पायात चप्पल नाही, बूट. ठेकेदाराने हेल्मेट आणि चमकणारं जाकीट द्यायचं असतं. ते मागून घ्या. ती त्याची मेहेरबानी नाही.

घरी उभ्या असलेल्या मशीनचं काय?

काही घरांमध्ये आता मशीन स्वतःचं आहे. कुठे गटाच्या कर्जातून मिक्सर घेतला, कुठे मुलाने बँकेचं कर्ज काढून जेसीबी घेतला. अशा घरांतल्या आयांनी आणि सुनांनी हा भाग नीट ऐका. मशीन चालताना जेवढा धोका, तेवढाच ते दुरुस्त करताना असतो. आणि दुरुस्ती बहुतेक वेळा अंगणातच होते, रात्री, मोबाइलच्या उजेडात, घाईत.

खाली उतरण्याआधी पाच गोष्टी. बकेट जमिनीवर टेकवायचं. गिअर न्यूट्रल. हँडब्रेक ओढलेला. इंजिन बंद. चावी काढून खिशात. चावी खिशात का? एकजण खाली ग्रीस करत असतो आणि दुसरा, अनेकदा घरातला लहान पोरगाच, वर चढून चावी फिरवतो. चावी ज्याच्या खिशात, त्याचाच जीव त्याच्या हातात. हीच सवय मिक्सरलाही. साफ करण्याआधी इंजिन बंद, विजेवरचा असेल तर मेन बंद.

पुढचा हात वर ठेवूनच काम करायचं असेल तर हात अडवून धरणारा लोखंडी टेकू लावल्याशिवाय खाली जायचं नाही. टिप्परचा हौदा वर असेल तरी तेच. लाकडाचा ओंडका किंवा विटांचा थर म्हणजे टेकू नव्हे.

तेलाच्या पाइपातली गळती हाताने चाचपून बघायची नाही. या तेलाचा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट असतो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आलेली धार कातडी फोडून आत शिरते. वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं. माणूस हळद लावून झोपतो आणि आत हात सडायला लागतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायची. धार शिरल्याचा संशय जरी आला तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, 'मशीनचं तेल दाबाने आत गेलंय.'

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. टायरमध्ये हवा भरताना टायरच्या समोर, रिंगकडे तोंड करून बसायचं नाही, बाजूला उभं राहायचं. डिझेल भरताना विडी नको, बॅटरीजवळ काडी पेटवायची नाही.

आणि मशीनवर बसणाऱ्या आपल्या लेकाला एक सांगा. पट्टा लावूनच बस. उतारावर मशीन कलंडायला लागलं की उडी मारावीशी वाटते, आणि उडी मारणाराच मशीनखाली सापडतो. केबिन मजबूत असते. पट्टा लावून, घट्ट धरून आत बसलेला वाचण्याची शक्यता जास्त. हंगामात चौदा-चौदा तास मशीन चालवून डोळे मिटत असतील तर त्या रात्रीचं भाडं सोडून दे म्हणा. आई म्हणून हे आपणच सांगू शकतो. मालक सांगणार नाही.

तासाचा हिशेब

आता मुद्द्याचं बोलू. हे सगळं माहीत असूनही आपण का करत नाही? कारण मशीन तासावर असतं. तासाचा दर बाराशे धरला तर दहा मिनिटांचे दोनशे रुपये. लेकरू जवळ आलं, मशीन थांबवायला हवं, पण मनात मीटर चालू असतो. ड्रायव्हरलाही पुढच्या शेतात जायची घाई. आणि बाईने मध्ये बोललं तर, "तुला काय कळतं मशीनमधलं?"

मैत्रिणींनो, मशीनमधलं कळायची गरज नाही. धोका दिसायला डोळे पुरतात. आमच्या एका गटातल्या काकूंनी गेल्या उन्हाळ्यात शेततळ्याचं काम चालू असताना मशीन तीनदा थांबवलं. एकदा शेजारची पोरं काठावर आली म्हणून, एकदा काठाला भेग दिसली म्हणून, एकदा ड्रायव्हर पेंगताना दिसला म्हणून. घरचे वैतागले. काकू म्हणाल्या, "तासाचे पैसे मी भरते, माणसाचे कोण भरतंय?" त्या भेगेतून दुसऱ्या दिवशी कडा सुटली. खाली कोणी नव्हतं. अर्धा तास गेला होता, सहाशे रुपये. बस.

म्हणून आमचं म्हणणं एकच आहे. मशीन थांबवा म्हणायचा हक्क प्रत्येक बाईला आहे. ज्याच्या शेतात काम आहे त्याच्या घरातलीला, कामावरच्या मजूर बाईला, रस्त्याने जाणाऱ्या आजीलाही. आणि थांबवल्यावर कोणी तिला बोल लावायचा नाही.

हे एकटीने अवघड जातं, गटाने सोपं होतं. पुढच्या मासिक बैठकीत एवढं ठरवा. मशीन लावण्याआधी मालकाला विचारायचं, ड्रायव्हरकडे परवाना आहे का, तो अठरा वर्षांच्या वर आहे का, मशीनचा विमा आहे का, मागे घेताना वाजणारा भोंगा चालू आहे का. मशीन मागे घेताना लांब उभं राहून खूण करणारं एक माणूस ठेवायचं. काम चालू असेपर्यंत लेकरं अंगणवाडीत किंवा एका घरी एकत्र सांभाळायची, पाळी लावून. गटातून मशीनसाठी कर्ज देताना विम्याचा हप्ता त्यातच धरायचा. शेततळं पूर्ण झालं की त्याच आठवड्यात कुंपण घालायचं आणि काठाला गाठी मारलेला दोर बांधायचा.

ज्या बाया वर्षात ९० दिवस बांधकामावर काम करतात आणि ज्यांचं वय १८ ते ६० मध्ये आहे, त्यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी. ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. नोंदणी दरवर्षी चालू ठेवावी लागते, नाहीतर वेळेला उपयोग होत नाही. अपघात झाला तर मंडळाची मदत नोंदणी असलेल्यालाच मिळते. कागद आधी करून ठेवा.

आणि सगळं करूनही काही झालंच, तर पहिल्यांदा मशीन बंद करा. १०८ वर फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. माणूस अडकलेलं असेल तर ओढाताण करू नका, आणि मशीन हलवून सोडवायचा प्रयत्न घाईने करू नका. जबर मार असेल तर तोंडात पाणी घालू नका. हे पाच नियम कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि गटाच्या बैठकीच्या भिंतीवर लावा.

जाताना तीन वाक्यं म्हणू या. घरी लेकरांकडूनही म्हणून घ्या, पाठ होतील.

मशीन चालू, तर आपण दोन नऊवारी लांब.
बकेट जमिनीवर, चावी खिशात, मगच हात लावायचा.
धोका दिसला की कोणीही म्हणायचं, 'थांबवा!'

तुमच्या गटाने या बैठकीत काय ठरवलं ते आम्हाला नक्की कळवा. येतो मैत्रिणींनो, पुढच्या भागात भेटू. नमस्कार.